विंध्याच्या कड्यावर घोड्यावरून: दोन दिवस, एक मुक्काम

इंदूरहून दक्षिणेला महू ओलांडलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि एकदम विंध्याचा कडा लागतो. पाताळपाणी, चोरल, जानापाव, जाम दरवाजा, मानपूर ही सगळी त्या काठावरची नावं. खाली निमाड आणि नर्मदा. महेश्वर आणि माळवा यांच्यामधली होळकरांची ये-जा या घाटांतूनच चाले. त्या वाटा आता डांबरी झाल्या, पण कड्याच्या कडेकडेने सागाच्या जंगलातून जाणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा अजून घोड्याच्याच मापाच्या आहेत.

हा लेख ज्यांची मांड बऱ्यापैकी बसली आहे त्यांच्यासाठी आहे. घोडा चालीत, दुडकीत (हळू धावण्याच्या चालीत) आणि थांबवताना हातात राहतो, चढता-उतरता येतं, एवढं गृहीत धरलं आहे. मैदानात गोल फिरणं आणि दिवसभर डोंगरात फिरून रात्री घोडा सांभाळणं यात मोठा फरक आहे. अशा सहलीत आधी बिघडते ती घोड्याची पाठ, मग खूर, मग पोट. स्वाराच्या मांड्या दुखतात, पण त्या दोन दिवसांत बऱ्या होतात. तंगाखाली (खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याखाली) सोललेली कातडी बरी व्हायला तीन आठवडे लागतात.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. दसरा झाला की लगेच निघावंसं वाटतं, कारण तेव्हा डोंगर हिरवेगार असतात. पण त्याच दिवसांत कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याची टोकदार, पीळ पडलेली कुसळं नमद्यात (खोगिराखालच्या जाड कापडात) घुसतात आणि घोडा चालू लागला की आत आत शिरत जातात. दुपारी खोगीर उतरवलं तर पाठीवर बारीक रक्ताळलेले ठिपके दिसतात. डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा पडतो. महिनाभर थांबलं की बरीचशी कुसळं गळून जातात.

पावसाळ्यात हा बेत नकोच. काळी माती ओली झाली की नाल खेचून काढते आणि ओल्या बेसॉल्टवर लोखंडी नाल साबणासारखी घसरते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर सागाची पानं गळतात. ती मोठी वाळकी पानं उतारावरचे सुटे दगड झाकून टाकतात, म्हणजे घोड्याला पाऊल कुठे टाकायचं तेच दिसत नाही. शिवाय वणव्याचे दिवस सुरू होतात, आणि मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीतही आहे. ओढ्यांतले डोह तोवर आटलेले असतात.

हिवाळ्यातही मावठ्यावर डोळा ठेवायचा. आभाळ भरून आलेलं असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा.

वाट आणि परवानगी

या भागातलं बरंचसं जंगल राखीव वन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं आणि परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. म्हणून आधी त्या हद्दीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्यावा: किती माणसं, किती घोडे, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, कोणत्या तारखा. मुक्काम जंगलात करूच नका. कड्याला लागून असलेल्या गावात शेतकऱ्याला विचारून, पीक निघालेल्या शेतात किंवा गोठ्याशेजारी उतरावं. तिथे पाणी मिळतं, रात्री माणसांचा वावर असतो, आणि कायद्याचा प्रश्नही उरत नाही. "अगदी जंगलात तंबू" हा हट्ट घोड्यांना झेपत नाही.

महूच्या आसपास बेरछा आणि हेमा या लष्कराच्या गोळीबाराच्या रेंज आहेत. त्यांची हद्द गावकऱ्यांना पाठ असते, मोबाइलच्या नकाशाला नसते. वाट त्यांच्यापासून लांबून आखावी, आणि जमिनीवर धातूचं काहीही पडलेलं दिसलं तरी त्याला हात लावू नये, घोड्यावरून उतरूनही पाहू नये.

वाट आधी एकदा स्वतः पायी किंवा मोटारसायकलवरून पाहून घ्यायची. नकाशावर पाहणं पुरेसं नाही. पाहताना चार गोष्टी वहीत लिहाव्यात. पाणी कुठे आहे आणि घोडा तिथवर उतरू शकतो का. काटेरी तार कुठे लावली आहे. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आडव्या फांद्या कुठे आहेत. आणि जिथे दोन घोडे समोरासमोर आले तर वळता येणार नाही अशी अरुंद जागा किती लांब आहे. कड्याच्या काठावरची अशी अरुंद वाट शंभर पावलांपेक्षा जास्त असेल तर ती सोडून गाडीवाट धरावी.

पहिल्या दिवशी १५ ते १८ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी १२ ते १५. डोंगरात घोड्याची चाल ताशी चार-पाच किलोमीटर पडते. विश्रांती, पाणी, तंग तपासणं धरून पहिला दिवस सहा तासांचा होतो. पहिल्याच सहलीत निमाडात उतरून परत चढायचा मोह टाळा. पठाराच्या काठाकाठाने गेलं तरी चढउतार भरपूर मिळतात.

घोडा निवडताना

वय सहा ते पंधरा. लाथ मारणारा किंवा एकटा पडला की थैमान घालणारा घोडा कितीही देखणा असला तरी नको. इंदुरात वरातीचे घोडे पुष्कळ आहेत आणि ते भाड्याने सहज मिळतात. बँड, फटाके, नाचणारी गर्दी, कशालाही ते बुजत नाहीत. पण रात्रीतून दोन-तीन किलोमीटर डांबरावर चालणं एवढाच त्यांचा सराव असतो. खूर त्या डांबराला सरावलेले, दम कमी, उतारावर पाय कसे रोवायचे हे ठाऊक नाही. असा घोडा थेट डोंगरात नेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आणि स्वतःच्या मानेला धोका.

मग वजनाचा हिशोब. घोड्यावर एकूण भार त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, आणि या भारात खोगीर, कपडे, बूट, पाण्याची बाटली सगळं आलं. घोड्याचं वजन काट्यावर करता आलं नाही तरी टेपने काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, म्हणजे किलोग्रॅममध्ये अंदाज मिळतो. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर सुमारे ३५५ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ७१ किलो. खोगीर-लगाम मिळून १० किलो गेले, उरले ६१. म्हणजे कपडे-बुटांसकट ६१ किलोचा स्वार, आणि थैलीत काहीही नाही. आपल्याकडचे मारवाडी-काठियावाडी जातीचे आणि मिश्र घोडे साधारण याच वजनाचे असतात. ७५ किलोच्या माणसाने मोठ्या हाडाचा घोडा शोधावा किंवा ही सहल पायी करावी.

कागदपत्रांत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि धनुर्वाताची लस. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खुरात घुसलेला एक गंजका खिळा पुरतो. स्वारानेही आपली लस घेतलेली असावी. पावसाळ्यानंतर घोडमाश्या सर्रा हा रक्तातला रोग पसरवतात. अधूनमधून ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, खाऊनही अंग उतरणं अशी लक्षणं असली तर रक्त तपासल्याशिवाय तो घोडा न्यायचा नाही.

नालबंदी निघण्याच्या सात ते दहा दिवस आधी करून घ्यावी. आदल्या दिवशी केली आणि एखादा खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेला असेल, तर घोडा लंगडेल तो नेमका वाटेत. आठवडा हातात असला की चूक घरीच कळते. नाल दीड महिन्याहून जुने असतील तर घट्ट दिसले तरी बदलावेत, कारण तोवर खूर वाढून नालाच्या कडेबाहेर येऊ लागतो.

चार आठवड्यांची तयारी

पहिल्या आठवड्यात दिवसाआड पाऊण तास नुसती चाल. दुसऱ्यात दीड तास, त्यात पाच-पाच मिनिटांच्या तीन दुडक्या. तिसऱ्यात मुरमाच्या टेकडीवर चढउतार. चौथ्यात एकदा सलग तीन तास, पूर्ण सामानासह. नंतर दोन दिवस हलकं काम.

याच महिन्यात घोड्याला रात्रभर दोरीला बांधून राहायची सवय लावायची. तंबूचं कापड फडफडतं, डोक्यावरचा दिवा अंधारात हलतो, प्लास्टिकची पिशवी चुरचुरते. या तीन गोष्टी पागेत दाखवल्या नाहीत तर मुक्कामाच्या रात्री पाहायला मिळतात, आणि तेव्हा घोडा खुंटा घेऊन पळतो. अनोळखी पाणी न पिणं ही अनेक घोड्यांची खोड असते. आठवडाभर आधीपासून बादलीत मूठभर गूळ विरघळवून द्यावा. प्रवासातही तोच गूळ टाकला की विहिरीचं पाणीही घरचं लागतं.

खोगीर: इथे वेळ घालवा

साईस (घोड्याची देखभाल करणारा) खोगिराला काठी म्हणेल, रिकिबीला रकाब. शब्दांवरून भांडू नका, बसवण्यावरून मात्र जरूर भांडा.

आधी खरारा. पाठ, तंगाची जागा आणि काखेचा भाग उलटा-सुलटा घासून झाला की तळहाताने चाचपायचं. वाळलेल्या मातीचा मुगाएवढा खडाही दिवसभरात जखम करतो. नमद्याची खालची बाजू उजेडात धरून त्यावर बोटं फिरवा. कुसळ डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतं. ते ओढताना टोक मोडून आत राहतं, म्हणून कापडाच्या मागून ढकलून बाहेर काढावं.

नमदा आणि खोगीर पाठीवर जरा पुढे, मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर ठेवायचं आणि केसांच्या दिशेने मागे सरकवायचं, म्हणजे खालचे केस सपाट बसतात. कधीही पुढे ओढू नका. फार मागे गेलं तर उचलून पुन्हा ठेवा. मग नमद्याचा मधला भाग बोटाने वर खोगिराच्या पोकळीत खोचून घ्यावा, नाहीतर तंग आवळल्यावर तो त्या उंचवट्यावर ताणून बसतो. स्वार बसल्यानंतर खोगीर आणि उंचवटा यांच्यामध्ये दोन-तीन बोटं उभी राहिली पाहिजेत. राहत नसतील तर खोगीर त्या घोड्याचं नाही. वर आणखी एक घडी घालून ते बसवता येत नाही. खोगीरभरती हा शब्द उगाच नाही आला.

तंग. घोडा पहिल्यांदा आवळताना श्वास भरून छाती फुगवतो. एका दमात करकचून आवळलं तर तो चिडतो, चावायला येतो, आणि पाच मिनिटांनी श्वास सोडल्यावर तंग ढिला तो ढिलाच. म्हणून तीन वेळा आवळायचं. आधी खोगीर हलणार नाही एवढंच, मग घोड्याला वीस पावलं चालवून, मग स्वार बसल्यावर. शेवटी तंगाखाली दोन बोटं सपाट, थोडी जोर लावून जावीत. आवळून झालं की पुढचे दोन्ही पाय एक एक करून गुडघ्याला धरून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते. हे शेवटचं काम बहुतेक जण विसरतात, आणि काखेतल्या जखमा तिथूनच सुरू होतात.

डोंगरासाठी दोन पट्टे वाढीव लागतात. चढावर खोगीर मागे सरकू नये म्हणून छातीपट्टा, उतारावर पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून जाणारी दुमची. दुमचीची सवय महिनाभर आधी लावावी. शेपटीखाली पहिल्यांदाच पट्टा आला तर शांत घोडाही लाथा झाडतो. लगामाखाली म्होरकी (बांधायची तोंडावरची दोरी) ठेवावीच, आणि थांबल्यावर घोडा नेहमी म्होरकीने बांधावा. लगामाने बांधलेला घोडा दचकून मागे हटला तर लगाम तुटतो किंवा जीभ कापते.

सामान

इंदूरच्या आसपास जवळपास प्रत्येक गावाला रस्ता आहे. तंबू, अंथरूण, चारा, बादल्या, स्वयंपाकाचं सगळं एका पिकअपमधून मुक्कामाच्या गावी पाठवावं. यात कमीपणा काही नाही. घोड्यावर प्रत्येकी तीन-चार किलोच न्यायचे, दोन्ही थैल्या लटकत्या काट्यावर तोलून, फरक पाव किलोच्या आत. एक बाजू जड असली की खोगीर तासाभरात त्या बाजूला झुकतं आणि दाब दुसऱ्या बाजूच्या कण्याशी येतो. थैलीत पाणी, दुपारचं खाणं, खूर खरवडायचा आकडा, आठ-दहा फूट जास्तीची दोरी, कातड्याची एक वादी.

मोबाइल, शिटी, चाकू आणि पट्टीचं पाकीट मात्र अंगावर ठेवा. घोडा तुम्हाला पाडून पळाला तर थैली त्याच्याबरोबर जाते.

हेल्मेट. टाच असलेला, सपाट तळव्याचा बूट. ट्रेकिंगच्या खोल खाचांच्या बुटाचा तळवा रिकिबीत अडकतो. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी. जीन्सची जाड शिवण गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासते, त्यापेक्षा साधी सैल सुती विजार आणि आत सायकलवाल्यांची घट्ट चड्डी बरी.

चालताना

डिसेंबरात इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला पाणी आणि वैरण, सहाला थोडी चंदी (दाणा), आठला निघायचं. चंदीनंतर निदान दीड तास जाऊ द्यावा. पहिली दहा मिनिटं नुसती चाल, मग सगळ्यांनी उतरून तंग पाहायचा. यात अपवाद करू नये.

घोड्यांमध्ये एक घोड्याएवढं अंतर, उतारावर दोन. सगळ्यात शांत घोडा पुढे आणि अनुभवी स्वार शेवटी. एखाद्याची लाथेची खोड वाटेत कळली तर तो घोडा सगळ्यात शेवटी, शेपटीला लाल फीत. वेग सगळ्यात हळू घोड्याचा.

चढावर पुढे झुकून रिकिबीत थोडं उभं राहा, हात मानेवर पुढे सरकवा, अयाळ धरा. लगाम ओढून तोल सावरणं म्हणजे घोड्याचं तोंड वर करून त्याला आंधळा करणं. उतारावर अंग जमिनीशी सरळ उभं, टाचा खाली. फार मागे रेललात तर सगळं वजन कमरेवर येतं आणि मागचे पाय नीट आत घेता येत नाहीत. तीव्र उतार सरळ उतरा, तिरपे जाऊ नका. सरळ उतरताना घसरला तर घोडा पुठ्ठ्यावर बसतो आणि सावरतो, तिरपा घसरला तर आडवा पडतो आणि तुमचा पाय त्याच्याखाली. उतार दोनशे पावलांहून लांब असेल तर उतरून हातात धरून न्यावा. त्याच्या पुढे नव्हे, खांद्याच्या बाजूला चालायचं.

ओढ्यात शिरताना घोडा पुढचा पाय पाण्यावर आपटू लागला की तो लोळण्याच्या बेतात आहे. लगाम वर, टाच, आणि तत्काळ बाहेर. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये ही जुनी समजूत सोडून द्या. वाटेत पाणी दिसेल तिथे पिऊ द्यावं आणि लगेच चालीत पुढे न्यावं. चंदीच्या आधी पाणी, नंतर नव्हे, एवढं मात्र पाळावं.

दर तासाला पाच मिनिटं, दुपारी पाऊण तास. दुपारी खोगीर उतरवायचं असेल तर तंग सैल करून दहा मिनिटं तसंच राहू द्यावं, मग काढावं. दाबलेल्या जागी रक्त एकदम धावलं की गाठी येतात. खोगीर निघालं की घामाचा ठसा पाहा. सगळीकडे सारखा ओला असेल तर उत्तम. ओल्यात मध्येच वाटीएवढा कोरडा ठिपका म्हणजे तिथे एवढा दाब पडला की घामही आला नाही. तिथल्या दाबाचं काहीतरी केल्याशिवाय पुढे त्या घोड्यावर बसू नका.

थांबल्यावर दहा मिनिटांनी नाडी बघा. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. विश्रांतीत घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. दहा मिनिटांनंतरही ती ६४ च्या वर असेल तर वेग जास्त होता. अर्धा तास सावली, मानेवर आणि पायांवर पाणी. उरलेली वाट पायी.

आग्या मोहोळ ही या डोंगरातली बिबट्याहून मोठी भीती. कड्यांना आणि उंच सावरीच्या झाडांना पोळी लोंबत असतात. वाट पाहतानाच त्यांची नोंद ठेवावी. अत्तर, सेंट लावून येऊ नये आणि त्या परिसरात धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर थांबून झटकत बसू नका, आल्या वाटेने जमेल तेवढ्या वेगाने दूर निघा.

मुक्काम

चारला पोचलंच पाहिजे, कारण पावणेसहाला सूर्य मावळतो आणि घोड्यांचं काम दीड तासाचं असतं. शेवटचा किलोमीटर उतरून, तंग एक भोक सैल करून पायी न्यावा. घोडा कोरडा आणि थंड पोचतो.

जागा ओढ्याच्या पात्रात नको. पाण्यापासून पन्नास-साठ पावलं दूर, तंबूंच्या वाऱ्याखालच्या बाजूला घोड्यांची रांग. आजूबाजूला कण्हेर, बेशरम, धोतरा, एरंड, घाणेरी नाही हे पाहून घ्या. कण्हेरीची थोडीशी पानंही घोड्याला मारतात. खाजकुहिलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळलेल्या असतात, वाऱ्याने त्यांची लव उडते आणि घोडा अंग घासून घासून वेडा होतो. त्या वेलीजवळ बांधूच नये.

बांधायचं कसं? आगाडी-पिछाडीची रीत (पुढून आणि मागून दोऱ्यांनी मेखांना बांधणं) चांगली, पण माळव्याच्या काठावर मुरूम वीतभर आणि खाली कातळ, मेख आत जात नाही. काळ्या मातीत जाते आणि ओल असली की उपटून येते. म्हणून दोन जाड झाडांमध्ये आडवी दोरी बांधावी. बारा मिलिमीटरची दोरी, जमिनीपासून सात फूट उंच, मधे झोळ येणार नाही एवढी ताणलेली. सालीला चीर पडू नये म्हणून झाडाभोवती आधी गोणपाट गुंडाळा. झाडापासून सहा फूट सोडून पहिला घोडा, पुढचा त्याच्यापासून बारा फुटांवर. वरून येणाऱ्या दोरीची लांबी इतकी की तोंड खाली केल्यावर नाक जमिनीपासून वीतभर वर राहील. त्याहून लांब ठेवली तर पाय अडकतो. गाठ एका झटक्याने सुटणारी, आणि म्होरकी व दोरी यांच्यामध्ये सुतळीचा एक फेर, म्हणजे घोडा घाबरून मागे ओढला तर सुतळी तुटेल, मान मोडणार नाही.

पाणी दिवसाला ३० ते ४० लिटर, दमलेला असेल तर पन्नास. चार घोड्यांचे दोनशे लिटर धरा, आणि गावचं पाणी घ्यायचं तर आधी विचारा. वैरण प्रत्येकी सहा-सात किलो, घरचीच. चारा अचानक बदलला की पोटशूळ ठरलेला. नुसता गव्हाचा भुसा आणि अपुरं पाणी मिळालं की आतड्यात गोळा अडकतो, त्यापेक्षा वाळकं गवत किंवा जईचा (ओटचा) चारा. चंदी दिवसाला दोन किलोच्या आत, दोन-तीन वेळांत, तोबऱ्यातून, त्यात चमचाभर मीठ. शेजारच्या शेतातला हिरवा हरभरा आणि खळ्यावरची सोयाबीनची रास या दोन गोष्टी सुटलेल्या घोड्याला एका रात्रीत मारू शकतात. म्हणून झोपण्याआधी प्रत्येक गाठ हाताने तपासायची.

खुरं रोज दोनदा. शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभं राहायचं, हात पायावरून खाली नेत घोट्याच्या वरची नस हलकी चिमटायची, पाय उचलला जातो. आकडा टाचेकडून पुढे चालवायचा, उलट नाही. बेसॉल्टचा बारीक तुकडा नालाच्या आणि तळव्याच्या मधे बसतो आणि पहाटे घोडा लंगडतो. नाल हलत असेल तर तो पूर्ण काढून टाकणं बरं. वळवलेले खिळे सरळ करून टाचेकडून उचलत काढावा, खुराला गोणपाटाची घडी आणि वर जाड चिकटपट्टी, आणि तो घोडा दुसऱ्या दिवशी गाडीतून परत.

स्वयंपाक गॅसवर. खिचडी, सोबत घरून आणलेल्या भाकऱ्या, शेव. सकाळी पोहे. शेतकऱ्याने स्वतःहून गोवऱ्यांवर बाफले (बाटीसारखे कणकेचे गोळे) लावले तर गोष्ट वेगळी, पण शेकोटी त्याच्या अंगणातच, मोकळ्या रानात नाही.

बिबटे या जंगलात आहेत. ते घोड्यांपेक्षा कुत्र्यांच्या आणि वासरांच्या मागे असतात, म्हणून कुत्रा बरोबर नेऊ नका आणि उष्टं उघड्यावर टाकू नका. रात्री दोन-दोन तासांचा पहारा. पहारेकऱ्याने अंधारात न बघता घोड्यांचे कान बघावेत. सगळ्यांचे कान एकाच दिशेला ताठ झाले की तिथे काहीतरी आहे. बॅटरी त्या दिशेला, मोठ्याने बोलायचं, घोड्यांजवळ जाऊन उभं राहायचं.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं

पोटशूळ: घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घामेजतो, लोळायला बघतो, लीद होत नाही. चारा-चंदी लगेच बंद. हळूहळू चालवा, पण दमवू नका. पोटाला कान लावून गुडगुड ऐका, ऐकू येत नसेल तर घाई आहे. मनाने कोणतंही औषध देऊ नका. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरतं पथक मिळतं, आणि महूला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दोन्ही क्रमांक निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, कारण कड्याच्या खालच्या बाजूला मोबाइलचा भरवसा नाही.

आखडणं: आदल्या दोन दिवसांत काम नाही आणि चंदी मात्र पूर्ण, असा घोडा निघाल्यावर तासाभरात मागून ताठ होतो, घामाने निथळतो, लघवी गडद तपकिरी होते. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नका. वर पांघरूण, समोर पाणी, आणि डॉक्टर तिथेच. हे टाळण्याचा उपाय स्वस्त आहे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी.

पाठीवर गरम सूज: रात्री सपाट बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबत जायचं. घोड्याने पाठ खाली घेतली किंवा कातडी थरथरली तर थंड पाण्याची पट्टी. सकाळी सूज राहिली तर त्या घोड्यावर खोगीर चढत नाही. स्वार चालेल.

उधळणं: मोकळ्या जागी एका लगामाने हळूहळू लहान होत जाणाऱ्या वर्तुळात वळवायचं. अरुंद वाटेवर हे केलं तर दोघेही दरीत. तिथे दोन्ही हातांनी ओढा-सोडा, ओढा-सोडा, आणि मांड सोडायची नाही.

परतल्यावर

निघण्याआधी शेतातली लीद पसरून टाका, टापांनी पडलेले खड्डे बुजवा, झाडांवरचं गोणपाट सोडा. पागेत पोचल्यावर घोडा कोरडा होईपर्यंत हातात फिरवायचा, मग पाणी, मग वैरण. चंदी त्या रात्री निम्मी आणि दुसऱ्या दिवशीही निम्मी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सरळ रेषेत वीस पावलं चालवून आणि दुडकीत पळवून बघा. डोकं ज्या पायाला वर जातं तो पाय दुखतो आहे. कितीतरी सुजा आणि लंगडणं चोवीस तासांनीच दिसतं, म्हणून घोडा भाड्याचा असला तरी ही तपासणी मालकासमोर व्हावी.

नमदा धुण्याआधी उन्हात झटकून ठेवा आणि एकदा परत त्यावर बोटं फिरवा. कुसळ धुण्याने निघत नाही.